पोराच्या पट्ट्याचे पैसे कुणी द्यायचे?

मागच्या दिवाळीत भाची आली. ती अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळ राहते. बरोबर जावई, दोन वर्षांची नात, चार बॅगा आणि एक भलंमोठं खोकं. मला वाटलं, मामासाठी काहीतरी दणदणीत आणलेलं दिसतंय! निघाली नातीची गाडीत बसायची सीट.

त्यांना आणायला मी पुण्याच्या विमानतळावर गेलो होतो. गाडी आमच्या जयसिंगपूरचाच एक पोरगा चालवत होता. माझा जुना विद्यार्थी. गाडी त्याची नव्हे, मालकाची. हा पगारी ड्रायव्हर. भाचीनं फर्मान काढलं, की सीट बसवल्याशिवाय गाडी हलणार नाही. आता ती सीट बांधायला मागच्या बाकाचे पट्टे लागतात, आणि पट्टे सापडेनात! मालकानं हौसेनं नवीन कव्हर घातलं होतं, त्याच्या खाली पट्टे आणि त्यांची कुलपं गाडली गेली होती. शेवटी आम्ही तिघांनी ते कव्हर अर्धं उसवलं, पट्टे बाहेर काढले, सीट आवळली. वीस मिनिटं गेली. नात तिच्यात बसली आणि पाच मिनिटांत झोपली.

सातारा मागे पडल्यावर ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "सर, ह्येला पडत्यात किती?"

जावयांनी डॉलरमध्ये आकडा सांगितला. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण माझा गुणाकार व्हायच्या आत ह्यानं हिशेब केला. "म्हंजे माझा पंधरा दिवसाचा पगार की, सर." मग थोडं थांबून म्हणाला, "आन घेतली तरी ठेवायची कुठं? आमची पोरगी टाकीवर बसती."

टाकीवर, म्हणजे मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर. बापाच्या दोन हातांच्या मधे. मागे आई, आईच्या मांडीवर असलंच तर आणखी एक.

मंडळी, ही दोन वाक्यं दिवाळीभर माझ्या डोक्यातून गेली नाहीत. म्हणून हा लेख.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे उपदेश केल्यासारखं वाटणार नाही. १९८४ साली मी स्कूटर घेतली. नंबर लावून, वाट बघून मिळालेली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो पुढे उभा राहायचा, हँडलला धरून, वारा खात. त्याची सगळ्यात आवडती जागा ती! एकदा सांगली रस्त्यावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, आम्ही पडलोसुद्धा नाही, पण त्याची हनुवटी स्पीडोमीटरवर आपटली. तीन टाके पडले. आज तो दाढी ठेवतो, त्याखाली तो व्रण आहे. त्या दिवशी घरी सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा तिथंच उभा. मी बेफिकीर बाप होतो का? मला तसं वाटत नाही. दुसरी जागाच नव्हती, आणि दुसरं काही असतं हे ठाऊक नव्हतं.

आता या सीटचा इतिहास बघू.

मोटारीत पोरांसाठी वेगळी सीट १९३० च्या दशकातही मिळत होती. पण तिचा उद्देश निराळा होता. पोरगं गाडीत इकडेतिकडे धावू नये आणि त्याला खिडकीतून बाहेर दिसावं, एवढाच. अपघाताचा विचार करून केलेल्या सीटा आल्या त्या १९६० च्या दशकात. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी तशा सीटा केल्या. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी १९६४ मध्ये एक वेगळीच गोष्ट केली. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात, म्हणजे धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. हे पाहून त्यांनी मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करणारी सीट बनवली. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड, मान कोवळी. समोरून धडक बसली तर पाठीनं धक्का घ्यायचा, मानेनं नाही. आज जगभर तान्ह्या मुलांना असंच उलटं बसवतात.

आईची मांडी सगळ्यात सुरक्षित, असं आपण मानतो. मी पण मानायचो. पण साधं गणित करून बघा. ताशी ४० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलोचं पोर सुमारे सव्वाशे किलोच्या जोरानं पुढे ओढलं जातं. कुठल्या आईच्या हातात ते धरायचं बळ आहे? माया कितीही असली तरी तिथं चालत नाही.

आणि नेमकी हीच मांडी कायद्याच्या इतिहासात आडवी आली. ती गोष्ट भाचीच्याच टेनेसी राज्यातली आहे. तिथं मर्फ्रीसबरो गावात रॉबर्ट सँडर्स नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं आमदारांच्या मागे लागून लागून १९७७ मध्ये कायदा करून घेतला, की चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत सीटमध्येच बसवायचं. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारं टेनेसी हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण मंजुरी देताना एक पळवाट घुसडली गेली: मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर चालेल! तिला विरोधकांनी नाव ठेवलं 'पोर चिरडणारी दुरुस्ती'. कारण धडकेत मांडीवरचं मूल मोठ्या माणसाच्या आणि समोरच्या पत्र्याच्या मधे सापडतं. ती पळवाट १९८१ मध्ये काढून टाकली. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. तिथल्या सरकारी अभ्यासानुसार कारमध्ये सीट नीट बांधलेली असेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाचा जीव जाण्याचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टर, इंजिनियर आणि आमदारांची झाली. मला कुतूहल होतं ते ड्रायव्हरच्या पहिल्या प्रश्नाचं. पैसे कुणी दिले?

हा प्रश्न तिथंही लगेचच उभा राहिला. कायदा झाला, पण ज्याच्याकडे जुनी खटारा गाडी आणि हातावर पोट, त्यानं सीट आणायची कुठून? मग दवाखाने, आरोग्य खाती आणि गावोगावच्या सेवाभावी मंडळांनी सीटा विकत घेऊन ठेवल्या आणि उसन्या द्यायला सुरुवात केली. बाळ झालं की न्यायची, बाळ मोठं झालं की परत आणून द्यायची. स्वीडनमध्येही १९८० च्या दशकात तान्ह्या बाळांच्या सीटा अशाच उसन्या मिळू लागल्या. अमेरिकेत २००५ च्या केंद्रीय कायद्यानं तर स्पष्टच केलं, की मुलांच्या सीटांसाठी राज्यांना जे अनुदान मिळेल त्यातला निम्म्यापर्यंत पैसा गरीब कुटुंबांना सीटा घेऊन देण्यासाठी वापरता येईल. भाची सांगत होती, तिच्या बाळंतपणाच्या वेळी शेजारच्या खोलीतल्या बाईकडे सीट नव्हती. नर्सनं एक कोरी सीट आणून दिली, नवऱ्याला गाडीपाशी नेऊन ती बांधायला शिकवली, त्याच्याकडून परत बांधून घेतली, आणि मगच बाळाला घरी सोडलं.

मला त्या नर्सचं फार कौतुक वाटलं. सीट देणं हे अर्धं काम, बांधायला शिकवणं हे उरलेलं अर्धं.

आता आपल्याकडे येऊ.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९४ ब प्रमाणे, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल, तर चालकाला १००० रुपये दंड. दुचाकीसाठी १५ फेब्रुवारी २०२२ ला नियम निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा. पट्टा हलका, कमीजास्त करता येणारा, पाण्यानं खराब न होणारा, तीस किलो वजन पेलणारा हवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही.

नियम चांगला आहे हो! पट्टा म्हणजे काही सीट नव्हे, जोराच्या धडकेत तो फारसं काही करणार नाही. पण झोपलेलं पोर गचका बसून घसरून पडू नये, एवढं तो नक्की करतो. आणि आमच्या रस्त्यांवर गचक्यांची काय कमी?

पण हा नियम मी तीनदा वाचला. पट्ट्याचं कापड, फोम, वजन, सगळं आहे. तो पट्टा आणि ते चिमुकलं हेल्मेट घ्यायला पैसे कुणी द्यायचे, याबद्दल एक अक्षर नाही. दंडाचा आकडा आहे, मदतीचा नाही.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर देशभर मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचेही झाले. एका मोठ्या माणसाच्या जाण्यानं मागच्या बाकाकडे आपलं लक्ष गेलं. टाकीवर बसलेल्या पोरांकडे लक्ष जायला काय व्हावं लागेल?

सक्ती आणि मदत यांचं नातं काय असावं, हे शिकायला टेनेसीला जायची गरज नाही. ते आमच्या गावाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेलं आहे.

जयसिंगपूर १९१७ साली वसलं. राजर्षी शाहू महाराजांनी रेल्वेच्या कडेला ही पेठ वसवली आणि आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचं नाव तिला दिलं. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, आणि गल्ल्यांना नंबर. नवीन पाहुण्याला आम्ही अजूनही 'अमकी गल्ली' म्हणून आकड्यानंच पत्ता सांगतो.

त्याच १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराच्या घरात चूल पेटायची की नाही, हे ठरवणारी रक्कम. पण त्या दंडाच्या बरोबरीनं दुसरी गोष्ट होती: शिक्षण मोफत. फी नाही. शाळा काढायची, मास्तर नेमायचा, त्याला पगार द्यायचा, हे दरबारनं अंगावर घेतलं. एका हातात छडी, दुसऱ्या हातात पाटी.

त्याच्या सहा वर्षं आधी, मार्च १९११ मध्ये, नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं होतं. गोखले कागल आणि कोल्हापुरात शिकलेले, गरिबीत शिकलेले. त्यांच्या विधेयकात दंड होता, पण सोबत एक कलम असंही होतं, की ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून फी घ्यायची नाही. सरकारनं १९१२ मध्ये ते विधेयक पाडलं. पाच वर्षांनी ते तत्त्व शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात खरं करून दाखवलं.

गरिबाला एखादी गोष्ट सक्तीची करायची असेल, तर ती त्याच्या हातात आधी द्या, मग दंड मागा. आमच्या भागात हे शहाणपण शंभर वर्षांहून जुनं आहे. पोराच्या पट्ट्याला ते लावायला काय हरकत आहे?

आणि गंमत म्हणजे, लागणारे सगळे सुटे भाग आपल्याकडे आधीच आहेत.

पहिला भाग: मोटरसायकल विकत घेताना मागे धरायला दांडी, पाय ठेवायला पायटा आणि मागच्या चाकाला निम्मं झाकणारी जाळी (आपण तिला साडीगार्ड म्हणतो) असलीच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. त्या जाळीसाठी कुणी वेगळे पैसे मोजल्याचं आठवतं का? गाडीच्या किमतीतच येते. गाडीबरोबर हेल्मेट द्यावं, असाही नियम आहे. त्याच खोक्यात एक पट्टा टाकायला कितीसा खर्च?

दुसरा भाग: १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला घरून दवाखान्यात आणायचं आणि बाळासकट घरी सोडायचं वाहन फुकट ठरलं. म्हणजे बाळाच्या आयुष्यातला पहिला प्रवास सरकारच्याच गाडीतून. दवाखान्याची सिस्टर त्या वेळी तिथं असते. टेनेसीतल्या त्या नर्सनं जे शिकवलं, ते शिकवायची याहून चांगली वेळ कोणती?

तिसरा भाग: महाराष्ट्र सरकारनं २०१९ च्या जानेवारीत सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या आईसाठी बेबी केअर किट सुरू केलं. किंमत सुमारे दोन हजार रुपये. त्यात बाळाचे कपडे, मच्छरदाणी, तेल, थर्मामीटर, खुळखुळा. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब आयांना अशीच पेटी मिळायची, १९४९ पासून ती सगळ्याच आयांना मिळू लागली. आपल्या पेटीत खुळखुळा मावतो, मग पट्टाही मावेल. बाजारात तो काही शे रुपयांत मिळतो.

आणि सरकारची वाट बघायची नसेल, तर चौथा भाग आपल्या घरातच आहे. पाळणा! आमच्या गल्लीत एक सागवानी पाळणा होता. कुणाचा, हे शेवटी शेवटी कुणालाच आठवत नव्हतं. बारसं आलं की तो त्या घरी जायचा, बाळ रांगायला लागलं की पुढच्या घरी. माझा मुलगा त्यात झोपला, ही भाचीही झोपली. घेताना कुणाला लाज वाटली नाही, देताना कुणी उपकार दाखवले नाहीत. सीट उसनी देणं म्हणजे दुसरं काय आहे? (फक्त एक काळजी घ्यायची. अपघातात सापडलेली किंवा फार जुनी सीट दुसऱ्याला द्यायची नाही. तिच्या प्लास्टिकचा भरवसा नसतो.) ज्या मुलखानं दूध संस्था, पतपेढ्या आणि साखर कारखाने उभे केले, त्याला अंगणवाडीत दहा पट्टे आणि दहा हेल्मेटं ठेवणं जड जाऊ नये. कार्तिकात उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेली त्यांची पोरं मी दरवर्षी बघतो. त्यांच्यासाठी तर पट्टाही पुरणार नाही, वेगळी बसच लागेल. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

असो. भाची परत गेली. जाताना सीट ड्रायव्हरला देत होती. त्यानं हात जोडले. "ताई, नगं. मालकाच्या गाडीत माझी पोरगी कधी बसायची?" बरोबरच होतं त्याचं. मग मी कोल्हापूरला जाऊन एक पट्टा आणि एक छोटं हेल्मेट आणलं आणि त्याच्या घरी नेऊन दिलं. बांधायचं कसं ते मला येत नव्हतं. आम्ही दोघांनी अंगणात उभं राहून, कागदावरची चित्रं बघून, तासभर खटपट केली. पोरगी हेल्मेट घालून घरभर मिरवत होती.

महिन्याभरानं त्याच्या घरी गेलो, तर पट्टा खुंटीला टांगलेला! मी काही बोललो नाही, पण त्याला कळलं. "सर, लोक हसत्यात. म्हंत्यात, पोरगीला बांधून कुठं चाललास?" पैशाचा प्रश्न सुटला, तर पुढे लाजेचा उभा! १९१७ मध्ये पोरीला शाळेत पाठवणाऱ्या बापालाही लोक हसलेच असतील. जेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाची पोरगी शाळेत जायला लागली, तेव्हा हसणारं कुणी उरलं नाही. म्हणून एकट्याला पट्टा देऊन भागत नाही. सगळ्यांकडे हवा, पाळण्यासारखा.

मी त्याच गल्लीत आणखी दोन पट्टे दिले. शेजारपाजारच्या दोन पोरांना. हिशेब सोपा होता, तिघं असले की कुणी एकटा पडत नाही.

परवा सकाळी क्रांती चौकात भाजी घेत होतो. समोरून मोटरसायकल गेली. ड्रायव्हर, मागे बायको, आणि दोघांच्या मधे, बापाच्या पाठीला पट्ट्यानं जोडलेली पोरगी. हेल्मेट थोडं तिरकं झालं होतं. तिनं मला ओळखलं आणि हात हलवला. टाकी मोकळी होती.